सायकलच्या हँडलवरची खोळ : मिनिॲपोलिसच्या तीन हिवाळ्यांनंतर

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिसला येऊन मला नऊ वर्षे झाली आणि त्यांपैकी आठ हिवाळे मी सायकलने कामावर गेले आहे. पहिले पाच हिवाळे हातमोज्यांवर पैसे घालवण्यात गेले, शेवटचे तीन हँडलला बांधलेल्या खोळींत हात घालून काढले. हे परीक्षण त्या खोळींचे आहे. इथे त्यांना ‘पोगी’ म्हणतात. होडी वल्हवणाऱ्यांचे हात वल्ह्यावरच उबदार राहावेत म्हणून जी आवरणे निघाली, त्यांचे हे नाव सायकलवाल्यांनी उचलले. मराठीत मला ‘खोळ’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. पावसात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावरून घेतात त्या खोळीसारखीच हीही अंगाला न चिकटता अंगाभोवती लहानसा आडोसा उभा करते.

निकाल आधीच सांगून टाकते. ज्यांच्या गावात पारा महिनाभर तरी उणे ५ अंश सेल्सियसच्या खाली राहतो आणि ज्यांचा प्रवास वीस मिनिटांहून मोठा आहे, त्यांनी हातमोज्यांचा पुढचा जोड विकत घेण्याआधी या खोळी घ्याव्यात. इतरांना त्यांची गरज नाही.

माझा रस्ता असा आहे. घर मिसिसिपी नदीच्या जवळ, शहराच्या पूर्व कडेला. कचेरी पश्चिमेला, तळ्यांच्या बाजूला. मधले जवळजवळ सगळे अंतर मिडटाउन ग्रीनवे या सायकलमार्गावरून जाते. साडेपाच मैलांचा, म्हणजे सुमारे ९ किलोमीटरचा हा मार्ग जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी तयार केला असून त्याचा बराच भाग रस्त्यांच्या पातळीखाली, खोदलेल्या चरातून जातो. बर्फ पडला की तो उपसणारी गाडी इथे तत्परतेने येते. शेजारच्या गल्ल्या अजून पांढऱ्या असताना ग्रीनवे काळा दिसू लागतो. चरात वारा कमी लागतो. मात्र हायवाथा ॲव्हेन्यूवरून सायकली पलीकडे नेणारा साबो पूल ओलांडताना कसलाच आडोसा नसतो, आणि हिवाळ्यात इथला वारा बहुधा वायव्येकडून येत असल्यामुळे सकाळी पश्चिमेकडे तोंड करून जाणाऱ्याला तो समोरूनच झोडपतो. मला घरापासून कचेरीपर्यंत पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतात, बर्फ ताजा असला तर पन्नास.

जानेवारीत इथले सरासरी किमान तापमान उणे १३ अंशांच्या आसपास असते. तेवढ्यावर भागले असते तर हे परीक्षण लिहावे लागले नसते. वारा पूर्ण पडलेला असला तरी ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार स्वतःच आपल्यासाठी वारा निर्माण करतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या बोचऱ्या वाऱ्याच्या सूत्रानुसार उणे १३ अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या त्वचेला तो उणे २२ अंशांसारखा बोचतो. या सूत्रात वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला धरतात आणि चेहऱ्याच्या उंचीवर तो कमी असणार हे हिशेबात आधीच घेतलेले असते. सायकलस्वाराच्या तोंडावर आणि हातांवर मात्र पूर्ण २० चा वारा येतो, म्हणजे खरी स्थिती या आकड्याहून थोडी वाईटच असते. आणि सगळ्या शरीरात त्या वाऱ्याच्या सर्वांत पुढे, काही न करता, मूठ आवळून बसलेले असतात ते हात.

हात इतके लवकर का गारठतात हे मला समजायला उशीर झाला, आणि ते समजल्यावरच माझी खरेदी शहाणपणाची झाली. पाय पेडल मारतात, त्यामुळे मांड्यांचे मोठे स्नायू सतत ऊब तयार करत असतात. बोटांत स्नायू नसतातच. बोटे हलवणारे बहुतेक स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात, थोडे तळव्यात असतात, आणि त्यांची ओढ दोरीसारख्या कंडरांमार्फत बोटांपर्यंत पोहोचते. म्हणून बोटांना जी ऊब मिळते ती जवळजवळ सगळी रक्तातून येते. त्यातही शरीराला आतून थंडी जाणवू लागली की ते काळीज आणि मेंदू यांच्याकडची ऊब राखण्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. जाड हातमोजा ही आलेली ऊब धरून ठेवू शकतो, पण रक्तच येत नसेल तर त्याने धरून ठेवायचे काय? पहिल्या दोन हिवाळ्यांत माझ्या हातांना कळा येत होत्या त्याचे निम्मे कारण हातमोजे नव्हते, अंगातले पातळ जाकीट आणि मनगटाजवळ मोजा व बाही यांच्यात राहणारी दोन बोटांची उघडी फट हे होते. छातीवर लोकरी बंडी आणि मनगटावर जुन्या मोज्याचा पाय कापून केलेली पट्टी, एवढ्या बदलाने जितका फरक पडला तितका पुढच्या दोन महागड्या हातमोज्यांनीही पडला नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण नवीन माणूस तिला हमखास फसतो. खूप गारठलेले हात आठ-दहा मिनिटांनी अचानक काही वेळ गरम झाल्यासारखे वाटतात. आकसलेल्या रक्तवाहिन्या काही काळ पुन्हा उघडतात आणि नंतर परत मिटतात; थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यक संशोधकाने १९३० मध्ये याचे वर्णन केले आहे. त्या ऊबेवर विसंबून ‘आता हात सरावले’ असे मी पहिल्या वर्षी घरी आईला फोनवर सांगितले होते. त्याच आठवड्यात एकदा कचेरीच्या दाराशी कुलपाची किल्ली बोटांत धरता येईना, म्हणून ती दातांत धरून फिरवायचा प्रयत्न केला आणि उणे १५ अंशांतली किल्ली ओठाला चिकटली.

आता हातमोज्यांविषयी, कारण खोळींची किंमत त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय कळणार नाही. पहिला जोड पाच बोटांचा, सायकलस्वारांसाठी म्हणून विकला जाणारा, बाहेरून वारा अडवणारे कापड आणि आत पातळ अस्तर. शून्य अंशापर्यंत तो उत्तम होता आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर व मार्चमध्ये मी अजूनही तोच वापरते. उणे ५ च्या खाली मात्र करंगळी आणि अंगठा आधी जात. पाच बोटे पाच वेगळ्या नळ्यांत ठेवली की प्रत्येक बोटाला चारी बाजूंनी थंडी लागते आणि शेजारच्या बोटाची ऊब त्याला मिळत नाही. त्यातून बायकांच्या मापाचा हातमोजा सर्वच दुकानांत मिळत नाही. पुरुषांचा लहान माप घेतला तर तळवा बसतो पण बोटांची टोके रिकामी लोंबतात, आणि त्या रिकाम्या टोकांमुळे ब्रेक हव्या त्या क्षणी लागत नाही.

दुसरा जोड खेकड्याच्या नांग्यांसारखा होता, दोन बोटे एका खणात आणि दोन दुसऱ्यात. ही कल्पना चांगली आहे. दोन बोटे ब्रेकवर आणि दोन मुठीवर ठेवण्याची सायकलस्वाराची सवय त्यात सांभाळली जाते आणि जोडीची बोटे एकमेकांना ऊब देतात. उणे १२ पर्यंत त्याने मला नेले. त्याचा दोष असा की हात आत घामेजतात, ओले अस्तर हाताबरोबर उलटून बाहेर येते आणि संध्याकाळी निघताना ते परत नीट आत ढकलता ढकलता बोटे पुन्हा गार पडतात.

तिसरा उपाय अस्सल इथला. मिनेसोटात हरणाच्या कातड्याचा, आत लोकरीचा सुटा मोजा घातलेला, अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र असलेला एक जाड हातमोजा मिळतो. त्याला ‘चॉपर’ म्हणतात आणि पूर्वी लाकूडतोडे तो वापरत. ऊबेच्या बाबतीत याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. बसची वाट पाहायला, अंगणातला बर्फ ओढायला तो अप्रतिम आहे. पण त्यात हात घातल्यावर गिअरचा खटका कुठे आहे हे समजत नाही आणि ब्रेक चार बोटांनी एकदम ओढावा लागतो. बर्फावर एकदम ओढलेला ब्रेक माणसाला कुठे नेतो हे मी एकदा ग्रीनवेवर उतरणाऱ्या वाटेवर अनुभवले आहे.

चौथ्या वर्षी मी विजेरीवर तापणारे हातमोजे घेतले. किंमत दोनशे डॉलरांच्या घरात. पहिले तीन आठवडे मी भेटेल त्याला त्यांचे गुणगान सांगत होते. मग लक्षात आले की लिथियमची विजेरी थंडीत स्वतःच मरगळते. दुकानात तीन तास चालणारी ती पुलावर सव्वा तासात मान टाकू लागली. जाताना ऊब, येताना ओझे, अशी गत झाली, कारण कचेरीत दोन्ही विजेऱ्या आठवणीने भरायला लावण्याची शिस्त माझ्यात नाही. दुसऱ्या हिवाळ्यात उजव्या मोज्यातली तार कुठेतरी तुटली आणि तो कायमचा थंडावला. बदलून मिळण्याची मुदत दोन आठवड्यांपूर्वीच संपलेली होती.

या सर्व काळात मला ग्वाल्हेरची आठवण एकदाही झाली नाही, याचे आज आश्चर्य वाटते. माझी मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली. तिथे मराठी घरे पुष्कळ आहेत आणि जानेवारीतले धुकेही तितकेच दाट असते. आम्ही नाशिकहून तिच्याकडे नाताळच्या सुट्टीत जायचो. काका सकाळी बजाज स्कूटरवर कामाला निघत तेव्हा स्कूटरच्या दोन्ही मुठींवर रेक्झिनच्या, आतून खोट्या केसाळ कापडाच्या पिशव्या दोऱ्यांनी घट्ट बांधलेल्या असत. त्या स्कूटरचे गिअर डाव्या मुठीत फिरवायचे असत. क्लच, गिअर, ब्रेक, हॉर्न, सगळा कारभार त्या पिशव्यांच्या आत, दिसत नसताना चाले, आणि काकांचे हात उघडे असत. उत्तर भारतात असे हजारो दुचाकीस्वार मी नंतरही पाहिले. नाशिककर म्हणून आम्ही भावंडे त्या पिशव्यांना हसत असू. मिनिॲपोलिसमध्ये सायकलींच्या दुकानात जेव्हा मी पहिल्यांदा ही खोळ उलटसुलट करून पाहिली, तेव्हा विकणाऱ्या मुलाने ती अलास्कातल्या सायकलस्वारांनी कशी रुळवली हे मोठ्या कौतुकाने सांगितले. मी ऐकून घेतले. काकांचे नाव काढले नाही.

मी घेतलेली जोडी सरळ हँडलसाठी आहे. वाकड्या, शर्यतीच्या सायकलींसारख्या हँडलसाठी वेगळा आकार मिळतो आणि दोहोंची अदलाबदल होत नाही, हे घेण्याआधी पाहावे. बाहेरून जाड नायलॉन, मधे कृत्रिम तंतूंचा भराव, आत मऊ अस्तर. काही जण पाणबुड्यांच्या पोशाखाला वापरतात त्या निओप्रीनच्या खोळी करतात. त्या स्वस्त असतात, वारा आणि ओला बर्फ चांगला अडवतात, पण उणे १० च्या खाली त्यांत भरावाची उणीव भासते असे माझ्या शेजारणीच्या जोडीवरून सांगते, जी मी आठवडाभर मागून वापरली होती. मला माझी जोडी नव्वद डॉलरांना पडली. असल्या खोळी बनवणारे पाच-सहा तरी आहेत आणि घडणीतला फरक इतका थोडा आहे की नाव पाहण्यापेक्षा तीन गोष्टी तपासणे अधिक उपयोगाचे. खोळीचे तोंड स्वतःहून उघडे राहते का, म्हणजे कडेला कडक पट्टी आहे का. हँडलच्या टोकाशी ती अडकवायची सोय आहे का, नाहीतर ती गोल फिरत राहते. आणि आतल्या बाजूला, जिथून ब्रेक व गिअरच्या केबल बाहेर येतात तिथे, नाडी आवळून वारा बंद करता येतो का. माझ्या खोळीत पहिल्या दोन सोयी चांगल्या आहेत आणि तिसरी कामचलाऊ. केबलींच्या फटीतून येणारा वारा मी शेवटी जुन्या स्वेटरचा तुकडा कोंबून बंद केला.

बसवायला पहिल्यांदा अर्धा तास लागला, नंतर दहा मिनिटे. बसवल्यावर सायकल बॉक्सिंगला निघाल्यासारखी दिसते. याची लाज वाटणाऱ्यांनी मार्चची वाट पाहावी.

पहिल्या दिवशी उणे ११ अंश होते. मी सवयीने नांग्यांचे हातमोजे घालूनच हात आत घातले आणि पूल येण्याआधीच ते काढून खिशात कोंबावे लागले, इतका घाम आला. तेव्हापासून माझा हिशेब असा बसला आहे: उणे १० पर्यंत आत उघडा हात किंवा मेरिनो लोकरीचा पातळ मोजा, उणे २० पर्यंत पाच बोटांचा तो पहिला, ऑक्टोबरचा मोजा, त्याखाली तोच मोजा आणि जोडीला गरम पुडी. खोळीचा खरा फायदा ऊबेच्या आकड्यापेक्षा यातच आहे. उणे १८ अंशांतही माझ्या बोटांना ब्रेक आणि गिअरचा खटका यांचा स्पर्श पुरेपूर कळतो, दोन बोटांनी हलकेच ब्रेक दाबता येतो, चष्मा वर सरकवायला हात बाहेर काढला तर नाक पुसेपर्यंत तो गारठत नाही, कारण परत जाण्याची जागा गरमच असते. हातमोज्याच्या बाबतीत उलटे होते. तो एकदा काढला की आतली ऊबही गेली आणि हातावरचीही.

पुड्यांविषयी थोडे, कारण त्या खोळीत कशा ठेवाव्यात हे मला कोणी सांगितले नव्हते. या पुड्यांत लोखंडाची बारीक पूड, मीठ, कोळशाची पूड आणि थोडा ओलावा असतो. बाहेरचे वेष्टन फाडले की हवेतला ऑक्सिजन लागून लोखंड गंजू लागते आणि गंजताना ऊब सुटते. म्हणजे पुडीला हवा हवी. घट्ट हातमोज्याच्या आत तळव्याखाली दाबून ठेवली की ती कोमट होऊन बसते आणि माणूस पुडीला नावे ठेवतो. खोळीत हवा भरपूर असल्यामुळे ती चांगली तापते. घरातून निघण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी वेष्टन फाडून ती ब्रेकच्या लिव्हरच्या वर, खोळीच्या छताशी असलेल्या खणात ठेवावी. कचेरीत पोहोचल्यावर ती हवाबंद पिशवीत घालून पिशवीतली हवा दाबून काढली की गंजणे थांबते आणि संध्याकाळी तीच पुडी पुन्हा कामाला येते. या युक्तीमुळे माझा पुड्यांचा खर्च निम्मा झाला.

दुसरी चोरवाट धातूची. खोळीत हवा कितीही उबदार असली तरी ॲल्युमिनियमची लिव्हर आणि हँडलची नळी हाताची ऊब शोषून घेतच राहतात, कारण त्यांचा बाकीचा भाग बाहेर वाऱ्यात असतो. मी लिव्हरवर टेनिसच्या रॅकेटला गुंडाळतात ती पट्टी गुंडाळली आणि मुठी बदलून जाड फोमच्या घातल्या. खर्च पंधरा डॉलरही नाही. हे मात्र खोळी घेण्याआधी करून पाहावे. कदाचित ज्यांच्याकडे फार कडक थंडी नसते त्यांचे काम एवढ्यावरच भागेल.

आता दोष. सर्वांत मोठा दोष सुरक्षिततेचा आहे आणि त्याकडे कानाडोळा करू नये. वळताना हात दाखवायचा तर तो खोळीतून काढावा लागतो आणि पुन्हा घालताना तोंड शोधावे लागते. पहिले आठ दिवस मी दोनदा चुकून खोळीवरच, बाहेरून, मूठ पकडली आणि ब्रेक हाताशी नाही हे कळायला अर्धा क्षण गेला. म्हणून रिकाम्या पटांगणावर आधी सराव करावा. हात काढणे, दाखवणे, घालणे, असे निदान वीस वेळा. तोल जाऊन पडताना हात खोळीत अडकतील ही भीती मलाही होती. मी तीन वर्षांत दोनदा बर्फावर पडले, दोन्ही वेळा हात आपोआप सुटून बाहेर आले, कारण तोंड रुंद आहे. तोंडाची नाडी मनगटावर आवळून ठेवणाऱ्यांना मी ही हमी देणार नाही. मी ती कधीच आवळत नाही.

घंटी आणि दिवा यांचे बटण खोळीच्या आत जाते. घंटी आतून वाजवली तर ती उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी ऐकू येते, म्हणून मी ती हँडलच्या मधोमध, खोळींच्या बाहेर सरकवली आणि आता वाजवायची तर हात बाहेर. हँडलच्या टोकाला लावलेला आरसा काढावाच लागतो. कोणत्या गिअरमध्ये आहोत हे दाखवणारा काटा दिसत नाही; याचे मला काही वाटत नाही, पण सायकल नुकतीच शिकलेल्याला वाटेल. जोराचा आडवा वारा असला की खोळी शिडासारख्या वारा धरतात आणि पुलावर हँडल थोडे ओढले जाते.

सायकल बाहेर उभी केली तर खोळीची तोंडे आकाशाकडे राहतात आणि त्यांत बर्फ भरतो. संध्याकाळी त्यात हात घालण्यासारखे अप्रिय काम नाही. मी कचेरीसमोर सायकल लावली की प्रत्येक खोळीत एक कापडी पिशवी बोळा करून कोंबते. ओल्या हातमोज्यांनी हात घातला तर ओलावा आत राहतो आणि रात्री तो गोठतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी खोळी काढून घरात हीटरपासून हातभर लांब उलट्या टांगाव्या लागतात. त्यांच्या पोटाला घाम जाण्यासाठी लहान झिप दिलेली आहे, ती दुसऱ्याच महिन्यात गोठून बसली आणि ओढताना तिची पकड तुटली. तिथे आता सेफ्टी पिन आहे.

आणि एक मर्यादा. २०१९ च्या जानेवारीच्या शेवटी इथे उत्तर ध्रुवावरची हवा उतरली होती आणि ३० तारखेला पारा उणे ३३ अंशांपर्यंत गेला होता. तेव्हा माझ्याकडे खोळी नव्हत्या आणि मी बसने गेले. आज त्या आहेत, तरी तसा दिवस आला तर मी बसनेच जाईन. उणे २६ अंशांत मी खोळीतून गेले आहे. हात ठीक होते, पण चष्म्यावर बर्फ धरला, ब्रेकमधले तेल घट्ट होऊन लिव्हर मधात रुतल्यासारखी परत येऊ लागली आणि पापण्या चिकटल्या. हवामान खात्याने बोचऱ्या वाऱ्याचा आकडा उणे २८ च्या खाली सांगितला असेल तर उघड्या त्वचेला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. माझा प्रवास चाळीस मिनिटांचा आहे. ज्यांची बोटे थंडीत पांढरीफटक पडून मग निळी होतात त्यांनी तर कोणतेही परीक्षण वाचून निर्णय न घेता आधी डॉक्टरांना दाखवावे.

नाशिकच्या मैत्रिणीने विचारले की तिच्यासाठी एक जोडी आणू का. ती पहाटे गंगापूर रस्त्याने सायकल चालवते आणि डिसेंबरात तिचे हात गारठतात. मी नको म्हटले. सात-आठ अंशांत हवा कोरडी असते आणि तासाभरात ऊन येते. वारा अडवणारा कोणताही पातळ हातमोजा, त्याच्या आत सुती नको तर लोकरीचा किंवा रेशमी मोजा, कारण सूत घाम धरून बसते, आणि मनगट झाकलेले, एवढ्यावर तिचे काम होईल. हातमोजाही नको असेल तर आमच्याकडचे दूधवाले करतात तसे पायमोजे हातात चढवावेत. टोरोंटो, माँट्रियल, ओस्लो, हेलसिंकी इथल्या मराठी सायकलस्वारांना मात्र मी या खोळी निःशंक घ्यायला सांगेन. लंडनला पावसाचा प्रश्न थंडीहून मोठा आहे. तिथे निओप्रीनच्या खोळी जास्त सोयीच्या ठरतील असे वाटते, पण तिथे मी सायकल चालवलेली नाही.

पाच वर्षांत हातमोज्यांवर माझे चारशे डॉलरांहून थोडे जास्त गेले. खोळी, फोमच्या मुठी, पट्टी आणि तीन हिवाळ्यांच्या पुड्या मिळून एकशे साठच्या आत. एप्रिलमध्ये त्या काढून कोमट पाण्यात, साध्या साबणाने हातानेच धुवाव्यात आणि पिळू नयेत, म्हणजे आतला भराव गोळा होत नाही. या वर्षी धुताना डाव्या खोळीची तोंडाकडची शिवण चार बोटे उसवलेली दिसली. जाड सुई आणि मेणाचा दोरा आणून मी ती दुहेरी शिवली आहे. उजवीची अजून शाबूत आहे.